ओमानचं घुबड: पक्षी नवा, नाव जुनं

पार्श्वभूमी

मार्च 2013. ओमानच्या उत्तरेला अल हजर नावाची उघडीबोडकी डोंगररांग आहे. उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी कोरड्या नद्यांची दगडगोट्यांनी भरलेली पात्रं, मधेच एखादं पाण्याचं डबकं. या रांगेत दोन युरोपीय पक्षी-ध्वनिमुद्रक रात्री मायक्रोफोन लावून बसले होते. त्यांना हवं होतं पॅलिड स्कॉप्स हे छोटं घुबड. ते एकसुरी, मऊ घूत्कार करत राहतं. त्याचं स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं की त्या रात्रीचं काम झालं असतं.

हेडफोनमधून त्यांना त्या घुबडाच्या मागे, लांबवर, आणखी कोणीतरी ऐकू आलं.

पुढे जे घडलं त्यातली माणसं पक्षीअभ्यासकांना नावानिशी ठाऊक आहेत. पण हे टिपण निर्णयांबद्दल आहे, त्यामुळे हयात माणसांची नावं मी घेतलेली नाहीत. गेलेल्यांची घेतली आहेत, कारण त्यांच्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही. आणखी एक खुलासा: हल्ली बोलताना आपण जातीलाही ‘प्रजाती’ म्हणतो. इथे ‘जाती’ म्हणजे स्पीशीज, एवढं धरून चालावं.

ज्यांनी रात्रीची रेकॉर्डिंग कधी संगणकावर उघडून पाहिली आहेत त्यांना हा क्षण ओळखीचा वाटेल. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष आवाजाच्या उंचीचा. वरच्या भागात रातकिड्यांचा अखंड पट्टा, खाली वाऱ्याची करडी धूळ. स्कॉप्सचा प्रत्येक घूत्कार त्यात ठळक ठिपक्यासारखा उमटतो, एकासारखा एक, सारख्या अंतरावर. आणि तळाशी, वाऱ्याच्या धुळीत जवळजवळ बुडालेल्या, चार पुसट रेघा. पुन्हा थोड्या वेळानं तशाच चार. कान चुकू शकतो, लांबचं कुत्रं किंवा पंपाचं इंजिन घुबडासारखं वाटू शकतं. पण त्याच अंतरानं, त्याच लयीत पुन्हा पुन्हा उमटणाऱ्या चार रेघा चुकत नाहीत. तिथे कोणीतरी गात होतं.

घुबडाच्या बाबतीत याला एरवीपेक्षा जास्त वजन आहे. बुलबुल, दयाळ यांसारखे गाणारे पक्षी मोठ्यांचं ऐकून शिकतात. त्यामुळे त्यांच्यात गावोगावची बोली तयार होते, आणि वेगळा आवाज म्हणजे वेगळी जाती असं म्हणता येत नाही. घुबडाचा आवाज शिकलेला नसतो, तो जन्मजात असतो. घुबडं अंधारात एकमेकांना आवाजावरूनच ओळखतात, तेव्हा मूळ गाणंच निराळं असेल तर ती एकमेकांना आपली मानत नसण्याची शक्यता मोठी. दिवसा दिसायला सारखी वाटणारी कितीतरी घुबडं आवाजावरून वेगळी काढली गेली ती यामुळेच.

प्रश्न

आवाजाची ठेवण स्ट्रिक्स गटातल्या घुबडाची होती. शिंगांसारखी पिसं नसलेली, गोल डोक्याची मध्यम ते मोठी घुबडं या गटात येतात. आणि या गटातलं एक वाळवंटी घुबड त्या भागात आधीपासून माहीत होतं. त्याला सगळे ‘ह्यूमचं घुबड’ म्हणत, शास्त्रीय नाव स्ट्रिक्स बटलेरी. सिनाई, इस्रायल, जॉर्डन आणि अरबस्तानच्या काही भागांत ते सापडतं. म्हणजे पहिला, साधा, शहाणा अंदाज असा: ह्यूमचं घुबड अल हजरमध्येही आहे, आजवर कोणी ऐकलं नव्हतं इतकंच.

पण ह्यूमचं घुबड म्हणून ज्याची रेकॉर्डिंग जगभर होती त्याचं गाणं पाच सुरांचं आहे: एक लांब, मग दोन जोड्या. हूऽऽ, हुहू, हुहू. अल हजरमधलं गाणं चार सुरांचं, आणि त्याची लयही निराळी. पुढच्या फेऱ्यांत पक्षी दिसला तेव्हा फरक आणखी वाढले. इस्रायलकडचं घुबड फिकट, वाळूच्या रंगाचं. हे पाठीवर गडद करडं-तपकिरी. चेहरा दुरंगी: डोळ्यांच्या वर आणि बाजूला काळपट करडा, खाली फिका. छातीवर बारीक उभ्या रेघा, लांब पाय, पंख-शेपटीवर रुंद गडद पट्टे.

इथवर कोणालाही पटेल की हा पक्षी इस्रायलकडच्या पक्ष्याहून वेगळा आहे. माझ्या मते याच जागी प्रकरणाची कळ आहे, कारण इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. ‘हा पक्षी त्या पक्ष्याहून वेगळा आहे का?’ हा एक. ‘या पक्ष्याला आधीच कोणी नाव दिलं आहे का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रानात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर संग्रहालयाच्या खणात पडून असतं.

खणातला पक्षी

त्या खणात काय होतं ते आधी सांगायला हवं.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेतलं नाव म्हणून माहीत असतो. डिसेंबर 1885 मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागचा हा माणूस. पण त्याच्या हयातीतला मोठा काळ पक्ष्यांत गेला. शिमल्याच्या घरी त्यानं पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून जवळपास 82,000 नमुन्यांचा संग्रह जमवला आणि ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालवलं. 1885 मध्येच तो सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला.

1878 मध्ये ह्यूमनं ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये एका घुबडाचं वर्णन छापलं: एसिओ बटलेरी. बटलर हा पक्ष्यांचा नाद असलेला लष्करी अधिकारी, त्याचं नाव. नमुना एकच होता, नॅश नावाच्या गृहस्थाकडून आलेला, आणि ठिकाण लिहिलं होतं ओमारा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं, बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरचं ओरमारा. पुढे ते घुबड स्ट्रिक्स गटात हलवलं गेलं. नंतर सिनाईपासून अरबस्तानपर्यंत जी वाळवंटी घुबडं मिळाली ती सगळी याच नावाखाली जमा होत गेली. पुस्तकं निघाली, चित्रं निघाली, आवाज ध्वनिमुद्रित झाले, आणि ‘ह्यूमचं घुबड’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इस्रायलमधला तो फिकट पक्षी येऊ लागला. ह्यूमच्या हातात जो होता तो मात्र इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयात, पोटात कापूस भरलेला, पायाला चिठ्ठी बांधलेला, पडून राहिला.

या नमुन्याला होलोटाइप म्हणतात. नाव कायद्यानं त्याला चिकटलेलं असतं. पुस्तकातल्या चित्राला नाही, शंभर वर्षं लोक ज्याला त्या नावानं हाक मारतात त्या पक्ष्यालाही नाही. फक्त त्या एका वाळलेल्या कातड्याला. घराच्या सातबाऱ्यासारखंच आहे हे. घरात कोण राहतं ते एक आणि उताऱ्यावर नाव कोणाचं ते दुसरं.

समोर असलेले पर्याय

2013 च्या उन्हाळ्यात त्या ध्वनिमुद्रकांच्या गटापुढे साधारण चार वाटा होत्या.

पहिली जुनी आणि सरळ: एक पक्षी मारून नमुना करायचा. श्रीलंकेत सेरेंडिब स्कॉप्स घुबडाच्या वेळी हेच झालं. त्याचा अनोळखी आवाज 1995 मध्ये ऐकू आला, पक्षी प्रत्यक्ष दिसला जानेवारी 2001 मध्ये, आणि रीतसर नमुन्यासह वर्णन प्रसिद्ध झालं 2004 मध्ये. नऊ वर्षं. या मार्गानं ठरलेल्या नावावर नंतर फारसं कोणी बोट ठेवू शकत नाही. पण अल हजरमध्ये ज्या मोजक्या जागी ते घुबड ऐकू आलं होतं त्यापलीकडे त्याची संख्या किती, याचा कोणालाच पत्ता नव्हता. अशा वेळी बंदूक काढायला आज फार थोडे लोक तयार होतील, आणि मला वाटतं ते योग्यच आहे.

दुसरी वाट: जाळ्यात पकडायचं, मापं घ्यायची, रक्ताचा थेंब आणि एखाददुसरं पीस घ्यायचं, सोडून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. उभ्या कड्याच्या मधोमध राहणारं घुबड जाळ्यात आणणं सोपं नसतं. त्याला परवाने लागतात, आणि पुन्हा पुन्हा त्याचंच रेकॉर्डिंग वाजवून चिडवावं लागतं, त्याची किंमत विणीच्या दिवसांत पक्षी मोजतो.

तिसरी: फोटो आणि रेकॉर्डिंग एवढ्यावरच वर्णन छापायचं. हे नियमात बसतं का? प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 2000 पासून नव्या जातीला प्रकार-नमुना, म्हणजे नाव ज्याला चिकटतं तो नमुना, नेमून देणं बंधनकारक आहे. मात्र 73.1.4 या कलमात अशी सोय आहे की एखाद्या चित्राला होलोटाइप म्हटलं, तर ते त्या चित्रात दिसणाऱ्या प्राण्यालाच म्हटलं असं धरावं, मग तो प्राणी हाताशी असो वा नसो. म्हणजे दार किलकिलं आहे. या दारातून किती जणांनी जावं यावर भरपूर भांडणं झाली आहेत, आणि 2017 मध्ये संहितेच्या आयोगाला त्यावर वेगळा खुलासाही काढावा लागला.

यात आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. अरुणाचलमध्ये 2006 साली बुगुन लिओसिक्ला या पक्ष्याचं वर्णन झालं ते पकडून सोडलेल्या पक्ष्याची पिसं, फोटो आणि आवाज यांवर. दिसलेले पक्षी इतके थोडे होते की एकही मारायचा नाही असं ठरलं. ते नाव टिकलं. याउलट सोमालियात 1988 मध्ये सापडलेल्या एका खाटकासारख्या पक्ष्याचं 1991 मध्ये जिवंत पक्षी, पिसं आणि डीएनए यांच्या आधारे वर्णन झालं. पक्षी जर्मनीत नेऊन सांभाळला गेला, नंतर परत आणून सोडला गेला, ‘मुक्त केलेला’ अशा अर्थाचं लिबेरॅटस हे नाव त्याला मिळालं. 2008 मध्ये कळलं की तो आधीच माहीत असलेल्या जातीचा निराळ्या रंगाचा पक्षी होता. म्हणजे कातडं नसूनही नाव टिकतं आणि डीएनए असूनही पडतं. नुसत्या पद्धतीवरून निकाल सांगता येत नाही.

चौथी वाट फार कोणी मोजत नाही: पक्षी जाहीर करायचा, पण नाव द्यायचं नाही. ‘अल हजरमध्ये स्ट्रिक्स गटातलं अनोळखी घुबड’ एवढंच म्हणून सगळी रेकॉर्डिंग आणि फोटो मांडायचे, बाकी काम चालू ठेवायचं.

काय केलं

गटानं तिसरी वाट धरली. वर्षभरात अनेकदा ओमानला जाऊन त्यांनी आवाजांचे वेगवेगळे प्रकार टिपले आणि रात्रीच्या अंधारात कड्यावरच्या पक्ष्याचे बऱ्यापैकी स्वच्छ फोटो मिळवले. ते फोटो पाहिले की मेहनत कळते. 2013 संपायच्या आत ‘डच बर्डिंग’ या नियतकालिकात वर्णन आलं आणि घुबडाचं नाव झालं स्ट्रिक्स ओमानेन्सिस. पहिल्या घूत्कारापासून नावापर्यंत एक वर्षही लागलं नाही.

बातमी गाजली, आणि ती गाजण्यासारखीच होती. रात्री ऐकलेल्या चार सुरांपासून एक अख्खं मोठं घुबड उभं राहिलं होतं.

या कामातलं निरीक्षण आजही निर्दोष आहे, त्यातला एकही फरक नंतर खोटा ठरलेला नाही. अडचण तुलनेत होती. ओमानचा पक्षी ठेवला गेला तो मुख्यतः इस्रायल-जॉर्डनकडच्या, ‘बटलेरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्यांशेजारी. त्या पक्ष्यांना बटलेरी म्हणणं बरोबर आहे का, हा प्रश्न तोवर निकालात निघालेला नव्हता. सगळेच त्यांना तसं म्हणत होते, सव्वाशे वर्षं. मीही तेच केलं असतं, हे कबूल करायला हरकत नाही. शेजारच्या घराचा उतारा तपासायला कोण जातं?

पुढे काय झालं

जानेवारी 2015 मध्ये ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात दुसऱ्याच तिघांचा लेख आला. त्यांनी ट्रिंगचा ह्यूमचा नमुना आणि बाकी संग्रहांतली ‘ह्यूमची घुबडं’ शेजारी शेजारी ठेवली, मापं घेतली, डीएनए पाहिला. ह्यूमचा नमुना बाकीच्यांत बसेना. रंग वेगळा, मापं वेगळी, आणि सायटोक्रोम-बी या जनुकात सुमारे 10 टक्के फरक. घुबडांच्या दोन वेगळ्या जातींत असतो तेवढाच.

अशा जुन्या कातड्यांतून डीएनए काढणं म्हणजे काय असतं ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक वेळा पायाच्या तळव्याच्या गादीचा तांदळाएवढा तुकडा कापून घेतात, कारण तिथलं नुकसान बाहेरून दिसत नाही. शतकभरात डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात, आणि हाताळणाऱ्या माणसाचा ताजा डीएनए त्यात मिसळायला टपलेला असतो. त्यामुळे लांबलचक साखळी मिळत नाही, एखाद्या जनुकाचा लहानसा भाग मिळतो. घुबड कोणाचं ते सांगायला तेवढा पुरतो.

आता दोन गोष्टी ओघानंच आल्या. नाव नमुन्याला चिकटलेलं, तेव्हा स्ट्रिक्स बटलेरी हे नाव त्या ओरमाराच्या पक्ष्याचं. मग सिनाई, इस्रायल, जॉर्डनमधलं, सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर झळकलेलं घुबड निनावी झालं! त्याच लेखात त्याला स्ट्रिक्स हाडोरामी हे नवं नाव दिलं गेलं. आणि दुसरं: ह्यूमच्या नमुन्याचा गडद रंग, त्याचे पट्टे कशाशी जुळत होते? ओमानच्या घुबडाशी. ते दोन्ही एकच असावेत, अशी शंका लेखकांनी तिथेच नोंदवली.

थोडक्यात, अल हजरच्या घुबडाचं वेगळेपण खरं होतं आणि वाळवंटी घुबडांच्या दोन जाती असणंही खरं होतं. फक्त ‘नवी’ कोणती, ते उलटं निघालं. नवं नाव हवं होतं ते सगळ्यांना माहीत असलेल्या पक्ष्याला, आणि कोणालाच माहीत नसलेल्या पक्ष्याला ते 1878 पासून होतं.

शंका होती, पुरावा नव्हता. ओमानच्या पक्ष्याचा डीएनए कोणाकडेच नव्हता. तेव्हा 2013 मध्ये ज्यांनी ओमानेन्सिस हे नाव दिलं होतं तीच मंडळी, आणखी काही सहकारी घेऊन, पुन्हा अल हजरमध्ये गेली. या वेळी त्यांनी दुसरी वाट धरली. घुबड पकडलं, मापं घेतली, डीएनएसाठी नमुना घेतला, घुबड सोडलं. डीएनए ह्यूमच्या नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. 2016 मध्ये ‘एव्हियन रिसर्च’मधल्या लेखात त्यांनी स्वतःच लिहून टाकलं की ओमानेन्सिस हे बटलेरीचंच दुसरं नाव आहे.

अग्रक्रमाचा नियम साधा आहे: आधीचं नाव राहतं. 1878 पुढे 2013 ला जागा नाही. इंग्रजीत मात्र त्या पक्ष्याला ‘ओमानी आउल’ म्हणायची पद्धत पडली ती पडली, आणि हाडोरामीला ‘डेझर्ट आउल’.

निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहिल्या तर

पक्षी न मारण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. ‘कातडं असतं तर हे झालं नसतं’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना विचारावंसं वाटतं: ओमानचं कातडं असतं आणि ते पुन्हा इस्रायलच्याच कातड्यांशेजारी ठेवलं असतं, तर काय निराळं झालं असतं? चूक नमुना नसण्यातून आली नाही. नमुना होता, सव्वाशे वर्षांपूर्वीचा, आणि तो तुलनेच्या मध्यभागी ठेवला गेला नाही.

त्यामुळे पहिला बदल मी तिथे करीन. नव्या जातीचं वर्णन लिहायला घेण्याआधी त्या गटातली, त्या प्रदेशातली आजवर दिलेली सगळी नावं काढायची. चालू असलेली, बाद झालेली, कोणाच्या तरी खाली गाडली गेलेली, सगळी. प्रत्येक नावापुढे होलोटाइप कुठे आहे, कुठून आला, तो शेवटचा कोणी डोळ्यांनी पाहिला, ते लिहायचं. काम कंटाळवाणं आहे, रात्रीच्या डोंगरातल्या थंडीची मजा त्यात नाही. या प्रकरणात ती यादी फार लांब नव्हती. त्यात एक नाव असं होतं ज्याचं ठिकाण सिनाईतही नव्हतं आणि अरबस्तानातही नव्हतं. ओमानच्या आखातापलीकडे, मकरानच्या किनाऱ्यावर. नकाशावर बोट ठेवलं तरी खटकावं. हे दोन किनारे एकमेकांना परके कधीच नव्हते. ओरमाराच्या पश्चिमेचं ग्वादर तर 1958 पर्यंत ओमानच्या सुलतानाकडेच होतं.

अर्थात चिठ्ठीवर किती विश्वास ठेवायचा हाही प्रश्न आहेच, आणि 2015 च्या लेखकांनी ओरमारा या ठिकाणाबद्दल शंका घेतलीच होती. आपल्या रानपिंगळ्याच्या बाबतीत याचा चटका बसलेला आहे. तोही ह्यूमनंच 1873 मध्ये वर्णन केलेला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या बड्या संग्राहकानं म्युझियममधला एक जुना नमुना चोरला, पुन्हा भरला आणि आपण तो 1914 मध्ये गुजरातेत मिळवला अशी चिठ्ठी लावली. लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. ती चिठ्ठी बाजूला ठेवून उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धुंडाळली, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर आला. चिठ्ठी तपासायची ती नाकारण्यासाठीच असं नाही. कधी ती सगळ्यांपेक्षा खरी निघते.

दुसरा बदल वेळेचा. एक वर्ष थांबून रक्ताचा थेंब किंवा गळलेलं पीस मिळवता आलं असतं का? 2015 मध्ये ते जमलं, म्हणजे अशक्य नव्हतं. पण इथे माझं मत तितकं ठाम नाही. थांबण्याला किंमत असते. इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर सप्टेंबर 2003 मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासकांना काही दिवसांच्या अंतरानं एकच अनोळखी स्कॉप्स घुबड ऐकू आलं होतं. 2013 मध्ये त्याचं वर्णन झालं ते दोघांनी मिळून केलं म्हणून गोड झालं. प्रत्येक वेळी समोरचा असा भेटेलच असं नाही. शिवाय ज्याला नाव नाही त्याच्यासाठी कोणी पैसे देत नाही, डोंगर राखत नाही.

म्हणून ती चौथी वाट, पक्षी जाहीर आणि नाव राखून ठेवलेलं, मला कागदावर सगळ्यांत चोख वाटते, आणि प्रत्यक्षात ती कोण धरेल याबद्दल मला शंका आहे. स्वतः शोधलेल्या पक्ष्याला नाव द्यायची संधी समोर असताना हात मागे घेणं म्हणजे काय, ते त्या रात्री तिथे बसलेल्यालाच ठाऊक.

जे झालं त्यात अनुकरण करावं असं काही असेल तर शेवटचा भाग. आपलंच नाव बाद करणारा पुरावा गोळा करायला आपणच डोंगर चढणं. त्यांना गप्प बसता आलं असतं, ‘पुरावा नाही’ म्हणून ओमानेन्सिस आणखी दहा वर्षं चालवता आलं असतं.

एक धागा सुटलेला

2016 च्या त्या लेखात ओमानखेरीज आणखी एक घुबड होतं. जानेवारी 2015 मध्ये इराणच्या ईशान्येला मशहद शहरात एक अनोळखी घुबड हाती लागलं. तिथे असं घुबड असेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. डीएनए पाहिला, तर तेही बटलेरीच. अल हजरपासून मशहद हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे, मधे समुद्राचा पट्टा आणि अख्खा इराण.

ओरमाराच्या चिठ्ठीवर शंका घेण्याचं एक कारण हे होतं की अशी घुबडं तिकडे कोणी पाहिली नव्हती. मशहदमध्येही पाहिली नव्हती.